अर्थ सांगा, मग सही करा

जन्मनोंदणी कचेरीच्या तिसऱ्या खिडकीमागे ज्या बाई बसत, त्यांना सगळी कचेरी 'भिंग' म्हणायची. तोंडावर अर्थात कुणाची हिंमत नव्हती, तोंडावर 'बाई'. पण बाईंना ते माहीत होतं. त्यांच्यापासून काही लपून राहिलं असं तीस वर्षांत कधी घडलं नव्हतं, निदान त्यांची स्वतःची तशी खात्री होती.

टेबलावर काळ्या दांड्याचं, तळहाताएवढं एक भिंग असे. दवाखान्याचा दाखला आला की आधी शिक्का भिंगाखाली, मग सही, मग तारखेतला प्रत्येक आकडा. सातचा एक केलाय का, आठच्या पोटात तीन दडलाय का, हे बघितल्याशिवाय दाखला पुढे सरकत नसे. घरीही तोच खाक्या. दूधवाला म्हणाला, "बाई, आज दूध फार चांगलं आहे," की त्यांना लगेच कालच्या दुधाची शंका यायची.

पण त्यांचा खरा शौक होता नावांचा. शहर बंदराचं. बोटींवर कामाला आलेले, कारखान्यांत रुजू झालेले, नकाशाच्या चारही कोपऱ्यांतले लोक तिथे नांदत होते आणि पोरं झाली की तिसऱ्या खिडकीसमोर उभे राहत होते. फॉर्म भरून झाला की बाई पेन बाजूला ठेवून विचारायच्या, "अर्थ काय?"

फॉर्मवर अर्थाचा रकाना नव्हता. कचेरीचा तसा नियमही नव्हता. नियम बाईंचा होता. "अर्थ सांगा, मग सही करा," असं त्या म्हणाल्या की बापमाणसं शाळेत फळ्यासमोर उभं केल्यासारखी घाम पुसायची. उत्तर मिळालं की बाई ते आपल्या जाड वहीत उतरवायच्या, घरी जाऊन कोशांत पडताळायच्या आणि खोटं निघालं तर लाल शाईनं तसं लिहायच्या.

लाल शाई बरीच लागायची. एक जोडपं म्हणालं, क्लॉडिया म्हणजे कोमल. कोश म्हणाला, लॅटिनमधल्या 'लंगडा' या शब्दातून आलेलं नाव. सेसिलियाच्या बापाने 'संगीत' सांगितलं; मूळ निघालं 'आंधळा'. थॉमस म्हणजे जुळा, हे कळल्यापासून एकेकट्या थॉमसकडे बाई जरा संशयानेच बघायच्या: दुसरा कुठे गेला? घानाच्या खलाशाने मुलाचं नाव कोफी सांगितलं तेव्हा मात्र त्या खूश झाल्या. शुक्रवारी जन्मलेल्या मुलाचं नाव! बाईंनी कॅलेंडर काढून वार तपासला. शुक्रवारच निघाला. "हा एक सरळ माणूस," त्या म्हणाल्या.

त्यांचं मत असं, की नाव म्हणजे आईबापांचा कबुलीजबाब. तुर्कांमध्ये दुरसुन नावाचा मुलगा दिसला, म्हणजे 'राहू दे, टिकू दे', तर समजावं की त्याच्या आधीची पोरं टिकली नसतील. चिनी मुलीचं नाव 'धाकट्या भावाला घेऊन ये' अशा अर्थाचं असेल, तर तिच्या घरी ती जन्मली तेव्हा काय चेहरे झाले असतील ते वेगळं सांगायला नको. आणि एखादा बाप मुलीसाठी एकच नाव हट्टाने धरून बसला आणि शेजारी उभी असलेली त्याची बायको खिडकीच्या काचेकडे बघत राहिली, तर ते नाव कुणाचं असेल हेही बाईंना कोश न उघडता कळायचं. नाव आभाळातून पडत नाही. कुणाच्या तरी तोंडून आलेलं असतं.

म्हणूनच त्या रविवारी जेवणाच्या टेबलावर त्यांच्या मनात पाल चुकचुकली.

लेकीला मुलगी होऊन अकरा दिवस झाले होते. लेक, जावई, पाळण्यात बाळ आणि टेबलाच्या टोकाला बाईंचे यजमान, असे सगळे जमले होते. यजमान शिलाई मशीनं दुरुस्त करायचे. मागच्या खोलीत त्यांचं वर्कशॉप होतं, पण निम्मं काम घरोघरी. चाळीस वर्षं हा माणूस हत्यारांची पेटी घेऊन परक्या बायकांच्या घरी जात होता आणि चाळीसपैकी चौतीस वर्षं बाई त्या बायकांची चौकशी करत आल्या होत्या. हाती कधी काही लागलं नव्हतं. यजमान इतके अबोल, की आमटीत मीठ नसलं तरी दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांकडून कळायचं.

जावई दोन-तीन नावं सुचवत होता, लेक नाक मुरडत होती. तेवढ्यात यजमान म्हणाले, "मी एक सांगू?"

सगळ्यांचे घास हातात राहिले.

त्यांनी एक तीन अक्षरांचं नाव सांगितलं. सांगताना कान लाल झाले. त्यांचे कान आधीच मोठे, सुरईच्या कड्यांसारखे बाहेर आलेले. लाल झाले की लपता लपत नसत.

"छान वाटतंय ऐकायला," जावई म्हणाला.

बाईंनी चमचा खाली ठेवला. "अर्थ काय?"

"उजेड."

"कोणत्या भाषेत?"

"आमच्याकडच्या. डोंगरापलीकडच्या."

"तुम्ही तर म्हणता ती भाषा विसरलात."

"सगळी कुठे विसरतो माणूस?"

"आणि हे नाव कुठं ऐकलंत?"

यजमानांनी पाण्याचा पेला उचलला, पुरता रिकामा केला आणि म्हणाले, "ऐकलंय कुठंतरी."

'कुठंतरी' या शब्दाने बाईंचं पुढचं जेवण बेचव केलं. चौतीस वर्षांत पहिल्यांदा या माणसाने कशासाठी तरी तोंड उघडलं आणि ते एका बाईच्या नावासाठी! यात पाणी मुरत नसेल तर कशात मुरेल?

सोमवारी कचेरीत पोचल्यावर त्यांनी आधी वही काढली. नाव ओळखीचं वाटत होतं. पानं उलटता उलटता अकरा वर्षांपूर्वीच्या एका पानावर ते सापडलं. त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं: 'दरजीण. डोंगरापलीकडची. जुन्या दाखल्याची नक्कल हवी. अर्थ विचारल्यावर थांबली, मग "उजेड" म्हणाली. पुन्हा विचारलं. मग खरं बोलली: "पुरे". पाचवी मुलगी.' शेवटच्या ओळीखाली समाधानाने ओढलेली लाल रेघ.

बाईंना त्या बाईचा चेहरा काही केल्या आठवेना. आपण खरं काढून घेतलं, एवढंच आठवत होतं. पण आता त्या ओळी त्यांनी भिंगाखाली धरून पुन्हा पुन्हा वाचल्या. डोंगरापलीकडची. दरजीण. म्हणजे मशीन आलं. मशीन आलं म्हणजे ते बिघडणार, ते बिघडलं की दुरुस्तीवाला आला. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तो 'उजेड'. जी थाप ती बाई मारत होती, तीच अकरा वर्षांनी यजमानांच्या तोंडात. एकाच विहिरीचं पाणी होतं हे!

त्या दुपारी त्या लवकर घरी गेल्या. यजमान गिऱ्हाइकाकडे गेले होते. मागच्या खोलीत तेलाचा आणि लोखंडाचा वास होता. भिंतीवर सुया, शटलं, चामडी पट्टे जिथल्या तिथे टांगलेले. कपाटात यजमानांच्या कामाच्या डायऱ्या ओळीने लावलेल्या. माणूस अबोल असला तरी डायरीचा पक्का: कोणाकडे गेलो, कोणतं मशीन, काय बिघाड. 'शाळेजवळ, पायमशीन, पट्टा तुटका.' 'बेकरीमागे, टाके सुटतात.' बाईंनी बारा वर्षांपूर्वीची डायरी उघडली आणि दोनच मिनिटांत त्यांना ते दिसलं.

'टेकडी. हातमशीन. तेल.'

पुढच्या महिन्यात पुन्हा. त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा. दर महिन्याचा पहिला बुधवार. बारा वर्षं! ना पट्टा तुटला, ना टाका सुटला, ना सुई वाकली. नुसतं तेल. चौतीस वर्षं दुरुस्तीवाल्याशी संसार केलेल्या बाईला एवढं नक्की कळत होतं, की मशीनला तेल ज्याचं तो घालतो; त्यासाठी कुणी माणूस बोलावत नाही. ताकाला जाऊन भांडं लपवावं तसा हा प्रकार होता, फक्त इथे तेलाची कुपी होती.

आणि मागच्या हिवाळ्यात नोंदी एकाएकी थांबल्या होत्या.

"भांडण झालं असणार," बाई स्वतःशीच म्हणाल्या. "आणि आता तिची आठवण माझ्या नातीच्या गळ्यात अडकवायची!"

त्यांनी डायऱ्या होत्या तशा लावून ठेवल्या. रात्रीच्या जेवणाला यजमानांना नेहमीपेक्षा एक पोळी जास्त वाढली आणि त्यांच्याकडे एकटक बघत बसल्या. यजमानांनी ती पोळी मुकाट खाल्ली.

मंगळवारी त्या चौथ्या खिडकीकडे गेल्या. तिसऱ्या खिडकीवर जन्म, चौथीवर मृत्यू, मधे एक लाकडी फळी. चौथ्या खिडकीवरचा कारकून त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, गोलमटोल आणि कामात इतका चपळ, की चाळीस वर्षांपूर्वी वारलेला माणूसही तो चहा निवायच्या आत काढून द्यायचा.

"एक नाव बघायचंय," बाई म्हणाल्या आणि त्यांनी ते तीन अक्षरी नाव सांगितलं. "मेली असेल असं नाही. आपलं एक शंका म्हणून."

कारकुनाने चहाचा कप खाली ठेवला, पुन्हा उचलला. "या नावाचं काही नाही बाई."

"न बघताच?"

"म्हणजे, आठवत नाही. रजिस्टर बाइंडिंगला गेलंय."

"कुठलं रजिस्टर? मी अजून वर्ष सांगितलेलं नाही."

कारकुनाने समोरच्या रजिस्टरावर कोपर टेकलं. बाईंनी फळीवरून हात घालून त्याच्या कोपराखालचं रजिस्टरच ओढलं. मागचा हिवाळा. एक महिना, दुसरा महिना. आणि तिथे ते होतं. नाव, स्त्री, वय अडुसष्ट, व्यवसाय शिवणकाम, पत्ता टेकडीचा. खाली 'खबर देणाऱ्याची सही' या रकान्यात यजमानांची सही. भिंगाची गरजच नव्हती. लग्नाच्या कागदापासून घराच्या कागदांपर्यंत ती सही बाईंनी हजार वेळा पाहिली होती. शेजारच्या रकान्यात मृताशी नातं: भाऊ.

"तुम्ही आठवडाभर लेकीकडे गेला होतात," कारकून हळूच म्हणाला. "तिला तेव्हा उलट्यांचा त्रास होता ना, तेव्हा. साहेब आले, म्हणाले बाईंना सांगू नका, मीच सांगेन. माणसाच्या डोळ्यांत पाणी होतं हो. मी कसा नाही म्हणणार?"

"म्हणजे तुम्हीही सामील!"

"बाई, भाऊ आहेत ते."

"भाऊ काय, कुणीही लिहितं! त्यांना बहीण नाही. लग्नाआधीच मला सांगितलं होतं, माझं कुणी नाही म्हणून." बाईंचा आवाज इतका चढला, की दाखल्यासाठी उभे असलेले दोघे मागे सरकले. "तुम्ही ओळखपत्र तपासलंत? नात्याचा पुरावा घेतलात?"

"साहेबांचा? तुमच्या यजमानांचा?"

"साहेब काय चोर नसतात?"

बाईंनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. तीस वर्षांतली ही त्यांची बहुधा चौथी रजा असेल. पत्ता चिठ्ठीवर उतरवून त्या बसने टेकडीच्या पायथ्याशी उतरल्या आणि पायऱ्या चढू लागल्या. पायऱ्या दगडी, उंच, मधेच एखादी डगमगणारी. दर महिन्याला हा माणूस गुडघेदुखी घेऊन एवढं चढत होता, हे जाणवलं तसा त्यांचा राग आणखी वाढला. घरी माळ्यावरची पेटी काढायची म्हटली की त्यांचे गुडघे दुखायचे!

घर दुमजली होतं. खाली घरमालकीण राहायची, वर भाड्याची एक खोली. घरमालकीण अंगणात चादरी वाळत घालत होती; उंच, हाडकुळी, बोलायला कुणी मिळालं तर हवंच होतं अशी बाई. आपण कोण हे सांगायचं नाही, असं बाईंनी पायऱ्यांवरच ठरवलं होतं.

"इथे एक शिवणवाल्या राहायच्या ना? त्यांचं हातमशीन विकायचं आहे असं ऐकलं." आयुष्यभर दुसऱ्यांचं खोटं पकडलेल्या बाई सराईतासारख्या खोटं बोलून गेल्या.

"विकायचं? कोण म्हणालं? ते तिच्या भावाचं आहे. ठेवून गेलाय, नेतो म्हणाला पण अजून येत नाही. वर जायला त्याचा पाय धजत नसेल." घरमालकिणीने चादर झटकली. "गेली बिचारी. छातीत दुखलं म्हणाली, तासाभरात संपलं."

"भाऊ होता का त्यांना?" बाईंनी अगदी सहज विचारावं तसं विचारलं. "सख्खा?"

"सख्खा म्हणजे काय! बारा वर्षं बघतेय. महिन्याच्या पहिल्या बुधवारी तेलाची कुपी घेऊन हजर. मशीनला तेल घालायचा, मग दोघं तास तासभर त्यांच्या भाषेत भांडायची आणि मग हसत सुटायची. त्याच्यासारखा बडबड्या माणूस मी नाही पाहिला."

"बडबड्या?" बाई थबकल्या. "मग कुणीतरी दुसरा असेल."

"शिलाई मशीनवाला हो! चौकटीचा शर्ट घालतो."

शर्ट बाईंनीच घेतला होता. तरी त्यांनी शेवटचा धागा ओढून बघितला. "भाऊच होता कशावरून? हल्ली कोण कुणाला काय म्हणेल, सांगता येत नाही."

घरमालकीण खदाखदा हसली. "अहो, कान! दोघांचे कान एकाच साच्यातले. ती केस वर बांधून बसली ना, की सुरईच दिसायची. मी चिडवायचे तिला."

बाई अंगणातल्या दगडावर बसल्या. लेकीचे कान तसेच होते. पाळण्यातल्या बाळाचे, आतापासूनच, तसेच. संशयाचा डोलारा असा कानांवरून कोसळेल असं त्यांना वाटलं नव्हतं. क्षणभर जिवाला हायसं वाटलं आणि लगेच दुसरा राग आला: मग लपवायचं कशाला?

"त्यांच्या भावाच्या घरी त्या जायच्या नाहीत का कधी?"

"तीच तर गंमत," घरमालकीण चिमटे तोंडात धरून म्हणाली. "इथे राहायला आल्यावर भाऊ सारखा मागे लागला होता, घरी चल म्हणून. ती म्हणाली, आधी मी वहिनीला लांबून बघते. वहिनी नोंदणी कचेरीत आहे म्हणे. गेली एकदा काहीतरी नक्कल मागायचं निमित्त काढून. नवीन ब्लाऊज शिवलं होतं त्या दिवसासाठी. परत आली ती गप्प. मी विचारलं, कशी आहे गं वहिनी? तर म्हणाली, हुशार आहे. फार हुशार आहे. मग चार दिवस मशीन चालल्याचा आवाज नाही. त्यानंतर भावाला म्हणाली, राहू दे, इथेच येत जा."

अंगणात चादरी फडफडत होत्या. बाईंना आता आठवू लागलं. खिडकीपलीकडे एक बाई, बहुतेक निळ्या कपड्यांतली, नक्कल हातात आल्यावरही रेंगाळत उभी. आपल्याकडे बघत, जरा हसत. आपण विचारलं, अर्थ काय? ती थांबली. उजेड, म्हणाली. आपण भिंग हातात घेऊन म्हणालो, बाई, मी या खिडकीत वीस वर्षं बसलेय, मला फसवू नका. मग ती खाली बघून म्हणाली, पुरे. पाचवी मुलगी मी. आणि आपण तिच्यासमोर, तिला दिसेल असं, ते लिहून घेतलं आणि खाली रेघ ओढली.

काखेत कळसा म्हणतात, तो त्यांच्या काखेत येऊन उभा राहिला होता आणि त्यांनी त्याचं स्पेलिंग तपासलं होतं.

"पाणी देऊ का?" घरमालकिणीने विचारलं. "चेहरा पांढरा पडलाय तुमचा. पायऱ्या बाधतात नवीन माणसाला."

संध्याकाळी यजमान वर्कशॉपमध्ये एका मशीनचं पोट उघडून बसले होते. बाई दारात उभ्या राहिल्या. कसं सुरू करावं हे त्यांना पहिल्यांदाच सुचत नव्हतं.

"मी टेकडीवर जाऊन आले."

यजमानांचा स्क्रूड्रायव्हर थांबला. त्यांनी वर पाहिलं नाही.

"मला का नाही सांगितलंत?"

यजमानांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. मग यजमान बोलू लागले, आणि चौतीस वर्षांत एका बैठकीत बोलले नव्हते एवढं बोलले. चार मुलींवर पाचवी झाली, तेव्हा बापाने तोंड फिरवून ते नाव ठेवलं. पाच वर्षांनी मुलगा झाला. त्याला कडेवर घेऊन फिरवायचं काम तिचं. गल्लीत पोरं तिला नावावरून चिडवायची, "पुरे, पुरे, घरी जा!" मुलगा बोलायला लागला, तेव्हा त्याने विचारलं, ताई, तुझ्या नावाचा अर्थ काय? ती म्हणाली, उजेड.

"मग तुम्हाला खरं कधी कळलं?"

"कळायचं काय त्यात? आमचीच भाषा. सहा वर्षांचा असताना कळलं. मी तिला सांगितलं नाही मला कळलंय, आणि तिला कळलं होतं मला कळलंय ते. पण आम्ही दोघं शेवटपर्यंत उजेडच म्हणायचो." यजमानांनी बोटाचं तेल फडक्याला पुसलं. "ती चौदाची झाली तेव्हा तिला लांबच्या गावी एका दरजिणीकडे देऊन टाकलं. पत्ता कुणी सांगितला नाही. आई म्हणाली, आता तुझी ती कुणी नाही. मी म्हटलं, मग माझं कुणीच नाही. मी शिलाई मशीनचं काम का शिकलो, असं वाटतं तुला? घरोघरी मशीनं असतात. म्हटलं, एखाद्या दिवशी एखाद्या मशीनवर ती बसलेली असेल."

"आणि होती?"

"एका कपड्याच्या कारखान्यात. पेटी घेऊन फिरायला लागल्यावर अठ्ठावीस वर्षांनी. ओळीतलं सातवं मशीन. पाठमोरी होती. कान दिसले."

बाईंनी स्टूल ओढलं आणि बसल्या. "ती माझ्या खिडकीवर आली होती."

"माहीत आहे."

"मी तिला..."

"माहीत आहे." यजमानांनी पहिल्यांदा वर पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता. असता तर बाईंना सोपं गेलं असतं. "तू प्रत्येकालाच विचारतेस. तिला वेगळं असं काही विचारलं नाहीस. मीही तिला तेच सांगितलं. ती म्हणाली, हो रे, पण घरी आले की वहिनी चारचौघांत विचारेल, आणि मग मला रोज जेवताना ते आठवेल. मी म्हटलं, मी बायकोशी बोलतो. बोलेन बोलेन म्हणत अकरा वर्षं गेली. तुझ्याशी बोलायचं म्हणजे आधी पुरावे जमवावे लागतात गं."

हे वाक्य ते हसत म्हणाले, पण बाई त्या रात्री आणि पुढच्या बऱ्याच रात्री त्याच वाक्याशी झगडत राहिल्या.

बुधवारी त्यांनी लेकीला सगळं सांगितलं. सांगताना काही लपवलं नाही, आपल्या वहीतली रेघसुद्धा. शेवटी म्हणाल्या, "तेच नाव ठेव. बाबांची इच्छा आहे. आणि मीही तिचं देणं लागते."

लेक बाळाला थोपटत होती. "आई, उद्या ही मोठी झाली आणि कुणी तुझ्यासारखं भेटलं तर?"

"तर उजेड सांगायचं."

"आणि तिने पुन्हा विचारलं तर?"

तिने पुन्हा विचारलं तर काय होतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

लेकीने दोन दिवस मागितले. शुक्रवारी ती बाळाला घेऊन वर्कशॉपमध्ये आली आणि बापासमोर बसली. बाई दाराआड होत्या. ऐकत होत्या, हे सांगायला नकोच.

"बाबा, रागावू नका. नाव नाही ठेवणार. पण अर्थ ठेवते. ज्याचा अर्थ खरोखर उजेड आहे, असं नाव शोधू."

यजमानांनी बाळाचा कान दोन बोटांत धरून हळूच चोळला. बाईंना वाटलं, आता हा माणूस पुन्हा पंधरा-वीस वर्षं गप्प बसणार.

"बरं म्हणतेस," ते म्हणाले. "तिला ते नाव कधीच आवडलं नव्हतं. मलाच ते पुन्हा मोठ्याने हाक मारून म्हणायचं होतं. हौस माझी होती."

मग नाव शोधायचं काम अर्थातच बाईंकडे आलं. त्यांनी कोशांचा ढीग मांडला. जगातल्या बहुतेक भाषांत उजेडाच्या नावाची माणसं होती, पण बाईंच्या कसोटीला उतरणं सोपं नव्हतं. एकाचं मूळ वादग्रस्त निघालं. दुसऱ्याचा अर्थ उजेड, पण जुना अर्थ 'जाळ'. तिसरं नाव जावयाला भारी आवडलं, तर बाई म्हणाल्या, "याबद्दल दोन कोशांत एकमत नाही. नाव मोठं, लक्षण खोटं नको." आठवडाभराने एक असं नाव मिळालं, ज्याच्या अर्थावर पाचही कोश सही करायला तयार होते. दोन अक्षरांचं. यजमानांनी ते तीन-चार वेळा म्हणून पाहिलं आणि मान हलवली.

नातलगाची नोंद स्वतः करायची नाही, असा कचेरीचा नियम होता. त्यामुळे त्या दिवशी चौथ्या खिडकीचा कारकून तिसऱ्या खिडकीवर येऊन बसला आणि बाई पहिल्यांदा काचेच्या अलीकडे रांगेत उभ्या राहिल्या. पुढे एक तरुण बाप होता, हातात फॉर्म, कपाळावर घाम. "ती भिंगवाली बाई आज नाही ना?" त्याने मागे वळून दबक्या आवाजात विचारलं. "मित्र म्हणाला, फार छळते."

"आज सुट्टीवर आहे," बाई म्हणाल्या.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या बुधवारी बाई आणि यजमान दोघं टेकडीवर गेले आणि मशीन घेऊन आले. खोली रिकामी होती. खिडकीत विटलेल्या धाग्यांची एक परडी, तेवढी बाईंनी उचलली. घरमालकिणीने बाईंना ओळखलं, त्यांच्याकडून यजमानांकडे पाहिलं, मग पुन्हा बाईंकडे, आणि काय ते समजली. निघताना तिने बाईंच्या हातात एक निळं ब्लाऊज घडी घालून दिलं. "एकदाच घातलं होतं," ती म्हणाली.

आता संध्याकाळी यजमान ते हातमशीन साफ करत बसतात आणि बाई शेजारी स्टुलावर. कधी तरी त्या विचारतात, "ताई अजून काय करायची?" आणि यजमान सांगतात. ती डोळे मिटून सुईत दोरा ओवायची. एकदा तिने एका दिवसात पंचवीस फ्रॉक शिवले होते.

"पंचवीस?" बाई म्हणतात. "हातमशीनवर? शक्यच नाही."

"अगं, खरंच."

"बाह्यांसकट?"

यजमान जरा थांबतात. बाईंना ते थांबणं बरोबर कळतं. त्या तोंड उघडतात, मग मिटतात आणि तेलाची कुपी त्यांच्यापुढे सरकवतात.

"बिनबाह्यांचे असतील," यजमान म्हणतात.

"मग होऊ शकतात," बाई म्हणतात.